प्रमाणपत्रानंतरचा अभ्यास : सुगंधोपचारातील सुरक्षितता कशावर अवलंबून असते

२०२१ च्या मार्च ते जुलै या काळात अमेरिकेतील चार वेगवेगळ्या राज्यांत चार माणसे मेलिऑइडोसिस या संसर्गाने आजारी पडली आणि त्यांपैकी दोघे दगावले. उष्ण प्रदेशांतील माती-पाण्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होणारा हा आजार त्या देशात सहसा परदेशातून आलेल्या प्रवाशांमध्येच आढळतो. या चौघांपैकी मात्र कोणीही परदेशी गेलेले नव्हते आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंधही नव्हता, त्यामुळे संसर्गाचा उगम शोधताना तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचे तज्ज्ञ बुचकळ्यात पडले. अखेर ऑक्टोबरमध्ये तो जिवाणू सापडला एका रुग्णाच्या घरातील, खोलीत फवारायच्या सुगंधी द्रवाच्या बाटलीत. बाटलीवर लॅव्हेंडर आणि कॅमोमाइल यांची नावे होती आणि ‘अरोमाथेरपी’, म्हणजे सुगंधी तेलांचा सुगंधोपचार, हा शब्दही होता. त्या मालिकेतील सुमारे ३,९०० बाटल्या बाजारातून परत मागवण्यात आल्या.

सुगंधी तेले जंतुनाशक असतात असे आपण ऐकत आलो आहोत, मग त्यांच्याच फवाऱ्यात जिवाणू टिकला कसा, असा प्रश्न ही बातमी वाचून पडणे स्वाभाविक आहे. तेल पाण्यात विरघळत नाही, अशा फवाऱ्यात बहुतांश पाणीच असते आणि त्यातील तेलाचा अंश इतका कमी असतो की जिवाणूंना रोखण्याचे काम त्याच्याकडून होईल याची खात्री देता येत नाही; त्यासाठी योग्य परिरक्षक, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारा घटक, आणि स्वच्छ उत्पादनप्रक्रिया लागते. ती बाटली कारखान्यात तयार झाली होती, कोणा सुगंधोपचारकाने ती बनवली नव्हती. तरीही हाताने असेच फवारे तयार करून देणारे व्यावसायिक सर्वत्र आहेत, आणि त्यांनी ज्या अभ्यासक्रमातून प्रमाणपत्र मिळवले त्यात परिरक्षकांचा विषय असेलच असे नाही.

सुगंधोपचाराच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा ‘कोणते तेल चांगले, कोणते वाईट’ एवढ्यावरच थांबते. या क्षेत्रातील टाळता येण्याजोगे बरेचसे अपाय तेल मुळात वाईट असल्यामुळे होत नाहीत. वापरणाऱ्याचे ज्ञान जुने राहते आणि झालेला अपाय त्याच्या कानावर पोहोचतच नाही म्हणून ते होतात, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आधी तेलापासून सुरुवात करावी लागेल.

सुगंधी तेल म्हणजे नेमके काय

फुले, पाने, साली, मुळे यांतून वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून, किंवा लिंबूवर्गीय फळांच्या बाबतीत साल दाबून, जो उडून जाणारा सुगंधी भाग काढला जातो त्याला सुगंधी तेल म्हणतात. ते अत्यंत तीव्र असते. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, यावरून त्या तीव्रतेची कल्पना यावी. खोबरेल किंवा बदाम तेलासारखी जी स्थिर तेले सुगंधी तेल पातळ करण्यासाठी वापरतात त्यांना वाहक तेल म्हणतात. यापुढे ‘तेल’ म्हटले की सुगंधी तेल असे समजावे.

प्रत्येक तेल हे डझनावारी, कधी शेकड्यांनी रासायनिक घटकांचे मिश्रण असते, आणि त्याचा गुण व धोका या घटकांवर ठरतो, बाटलीवरच्या प्रचलित नावावर नव्हे. लॅव्हेंडरचेच पाहा. लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया या जातीच्या तेलात कापूर अगदी नगण्य असतो. लॅव्हेंड्युला लॅटिफोलिया या जातीच्या तेलात कापूर आणि सिनिओल हे दोन्ही घटक भरपूर असतात. अपस्माराचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कापूर जास्त प्रमाणात शरीरात गेला तर झटके येऊ शकतात. दोन्ही बाटल्यांवर मात्र ‘लॅव्हेंडर’ एवढेच छापलेले असू शकते. रोझमेरीच्या बाबतीत तर वनस्पती एकाच जातीची असूनही, ती जिथे वाढली त्यानुसार एका तेलात कापूर अधिक, दुसऱ्यात सिनिओल अधिक आणि तिसऱ्यात व्हर्बेनोन अधिक असा फरक पडतो. म्हणून वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि घटकांची माहिती नसलेली बाटली व्यावसायिक वापरासाठी घेऊच नये.

‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?’

हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे. त्याला सर्वांत स्पष्ट उत्तर विंटरग्रीनचे तेल देते. या तेलाचा जवळजवळ सगळा भाग मिथाइल सॅलिसिलेट या एकाच घटकाचा असतो, आणि त्याच्या केवळ ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे एका चमचाभर तेलात, ॲस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. लहान मुलाच्या पोटात तेवढे गेले तर जीव धोक्यात येतो. निलगिरीचे तेल आणि कापूर यांमुळे मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात जुन्या काळापासून आहेत.

त्वचेवरचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाची साल दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकूमॅरिन नावाचे घटक असतात. ते त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. म्हणून त्वचेवर राहणाऱ्या मिश्रणात बर्गमॉटचे प्रमाण ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये आणि ते ओलांडले गेले असल्यास निदान बारा तास तो भाग उन्हापासून दूर ठेवावा, असे सुरक्षा-मार्गदर्शन सांगते. फ्युरोकूमॅरिन काढून टाकलेले बर्गमॉट तेल मिळते आणि त्याला हे बंधन नाही. आंबट लिंबाच्या वर्गातील लाइम या फळाचे दाबून काढलेले तेल धोक्याचे आहे, तर त्याच फळाचे वाफेने काढलेले तेल तसे नाही, कारण हे जड घटक वाफेबरोबर वर येत नाहीत. तेल कसे काढले हा प्रश्न विक्रेत्याला का विचारायचा, हे यावरून लक्षात येईल.

टक्के, थेंब आणि मोजमाप

सुगंधोपचारात बऱ्याच चुका मोजण्यात होतात, आणि त्या साध्या गणिताच्या असतात. अंगाच्या मसाजसाठी प्रौढांमध्ये साधारण दोन टक्के, चेहऱ्यासाठी अर्धा ते एक टक्का आणि मुलांसाठी त्याहून कमी असा ठोकताळा वापरला जातो. ३० मिलिलिटर वाहक तेलात दोन टक्के म्हणजे ०.६ मिलिलिटर, आणि एका मिलिलिटरमध्ये वीस थेंब धरले तर बारा थेंब. इथपर्यंत सगळे सरळ आहे.

अडचण अशी की ‘दोन टक्के’ ही मर्यादा प्रत्येक तेलाला लागू नाही. लवंगेच्या तेलासाठी त्वचेवरची शिफारस केलेली कमाल मर्यादा ०.५ टक्के आहे, म्हणजे त्याच बाटलीत तीन थेंब. ठोकताळ्याने बारा थेंब टाकणारा ती मर्यादा चौपटीने ओलांडतो. गवती चहाच्या तेलासाठी मर्यादा ०.७ टक्के आहे. दालचिनीच्या सालीच्या तेलासाठी ती ०.०७ टक्के आहे, आणि ३० मिलिलिटरमध्ये ०.०७ टक्के म्हणजे अर्ध्या थेंबापेक्षाही कमी. अर्धा थेंब कसा टाकणार? त्यामुळे छोट्या प्रमाणात मिश्रण करणाऱ्याने हे तेल त्वचेसाठी वापरूच नये, हाच व्यवहार्य निष्कर्ष निघतो.

त्यात थेंब हे मापही भरवशाचे नाही. बाटलीच्या तोंडाचा आकार, तेलाचा पातळपणा आणि खोलीचे तापमान यांनुसार एका मिलिलिटरमध्ये वीसपासून जवळजवळ चाळीसपर्यंत थेंब भरू शकतात. संत्र्याचे तेल भराभर गळते, तर व्हेटिव्हर म्हणजे वाळ्याचे दाट तेल थांबून थांबून मोठ्या थेंबांनी पडते. ज्यांना दररोज मिश्रणे करायची आहेत त्यांनी ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घ्यावा. एखाद्या महागड्या शिबिरापेक्षा हा खर्च सुरक्षिततेला अधिक उपयोगी पडेल, असे मी आग्रहाने म्हणेन.

आंघोळीच्या पाण्यात थेंब थेट टाकण्याचा सल्लाही अजून दिला जातो. तेल पाण्यावर तवंग धरते आणि नाजूक त्वचेला निर्भेळ, म्हणजे पातळ न केलेल्या, स्वरूपात चिकटते. दूध किंवा मीठ मिसळल्याने ते पाण्यात विरघळत नाही. ते आधी वाहक तेलात किंवा योग्य द्रावकात मिसळूनच वापरावे.

त्वचेची ॲलर्जी आणि शिळे तेल

त्वचेवर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. पहिली म्हणजे चुरचुर : तेल तीव्र होते, त्वचा लाल झाली, धुतल्यावर आणि प्रमाण कमी केल्यावर त्रास थांबला. दुसरी म्हणजे ॲलर्जी जडणे, आणि ती अधिक गंभीर आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती इमारतीच्या एखाद्या कडक पहारेकऱ्यासारखी वागते : एखादा चेहरा तो पहिल्या काही वेळा निमूटपणे आत सोडतो, पण एकदा का त्याची संशयित म्हणून नोंद झाली की पुढे कितीही साधेपणाने आलेल्या त्या माणसाला दारातच अडवतो. अशी ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते, अत्यल्प प्रमाणातही उसळते, आणि तोच घटक साबण, शाम्पू किंवा अत्तरात असला तरी त्रास देते. तिची लक्षणे लगेच दिसत नाहीत, एक ते तीन दिवसांनी दिसतात. हा उशीर लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

‘मी वीस वर्षे लॅव्हेंडर निर्भेळ लावतो आहे, मला कधी काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. ॲलर्जी वारंवार संपर्काने जडते. आजवर न होणे म्हणजे उद्या न होण्याची हमी नव्हे. निर्भेळ लॅव्हेंडरच्या परंपरेमागे एक प्रसिद्ध कथाही आहे. ‘अरोमाथेरपी’ या शब्दाला १९३७ मध्ये पुस्तकाच्या नावातून रूढ करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गॅटफॉसे यांचे हात प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले आणि त्यांनी ते लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवले, असे सांगितले जाते. त्यांनी स्वतः लिहिलेला वृत्तांत वेगळा आहे : १९१० मधील त्या अपघातात त्यांनी गवतावर लोळून आग विझवली आणि पुढे हातांत गँग्रीन पसरू लागल्यावर लॅव्हेंडरचा वापर केला. प्रतिजैविके हाताशी नसलेल्या काळातील हा नाइलाजाचा प्रयोग होता, रोजच्या वापराचा सल्ला नव्हे.

तेल जुने होण्याचा प्रश्न तर त्याहून दुर्लक्षित आहे. लॅव्हेंडरमधील लिनॅलूल आणि लिंबूवर्गीय तेलांतील लिमोनीन हे घटक ताजे असताना ॲलर्जीच्या दृष्टीने फारसे धोक्याचे नसतात. पण हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यांच्यापासून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात आणि ती त्वचेला ॲलर्जी जडवणारी असतात. स्वीडनमधील त्वचाविज्ञानाच्या संशोधनाने ही बाब ठळकपणे पुढे आणली. टी ट्री तेलाचेही तसेच. म्हणजे वर्षभरापूर्वी सुरक्षित असलेली बाटली आज तशी राहिलेली नसते, आणि वासावरून ते दरवेळी कळतेच असे नाही. झाकण उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी, बाटली थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी, तेल कमी झाले की उरलेले लहान बाटलीत काढावे म्हणजे वर हवेची पोकळी राहत नाही, आणि लिंबूवर्गीय व टी ट्री तेले उघडल्यापासून साधारण वर्षभरात बदलावीत. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर पूर्वी २६ सुगंधी ॲलर्जीकारक घटकांची नावे देणे बंधनकारक होते. २०२३ मध्ये ही यादी ८० हून अधिक घटकांपर्यंत वाढवण्यात आली. दहा वर्षांपूर्वी शिकलेल्या व्यक्तीच्या वहीत ही यादी कशी असेल?

या सगळ्यात सर्वांत जास्त संपर्क येतो तो स्वतः सुगंधोपचारकाच्या हातांशी. ग्राहकाला आठवड्यातून एकदा तेल लागते, व्यावसायिकाला दिवसातून अनेकदा. हाताचा इसब झाल्यावर काम सोडावे लागणे ही या व्यवसायातील खरी जोखीम आहे. तेलांची निवड आलटून पालटून करणे, प्रमाण कमी ठेवणे, मिश्रण करताना नायट्राइल हातमोजे घालणे आणि काम संपताच हात सौम्य साबणाने धुऊन कोरडे करणे, एवढी शिस्त तरी हवीच.

‘त्वचा लाल झाली म्हणजे शरीरातील विष बाहेर पडते आहे’ असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. पुरळ, खाज, जळजळ ही थांबण्याची खूण आहे. या एका गैरसमजामुळे लोक त्रास होत असतानाही तेच तेल लावत राहतात, म्हणून त्याचा प्रतिवाद स्पष्ट शब्दांत करायला हवा.

खोलीतील हवा सगळ्यांची असते

नाकाला सवय लागते. उपचाराच्या खोलीत तासभर बसलेल्या व्यक्तीला वास जाणवेनासा होतो आणि ‘कमी झाला’ असे समजून ती डिफ्युझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणाऱ्या उपकरणात, आणखी थेंब टाकते. बाहेरून आलेल्या दम्याच्या रुग्णाला मात्र दार उघडताच खोकला सुटतो. त्यामुळे प्रमाण नाकाने नव्हे, घड्याळाने ठरवावे : अर्धा ते एक तास डिफ्युझर चालू, मग तो बंद आणि खिडकी उघडी. आधीच्या ग्राहकासाठी वापरलेले तेल पुढच्या ग्राहकाच्या श्वासात जाते, हे तर सहज विसरले जाते. पुढची व्यक्ती गरोदर असेल, किंवा तिला तीव्र वासाने अर्धशिशी होत असेल, तर तिच्यासाठी केलेली तेलांची काळजीपूर्वक निवड हवेत राहिलेल्या वासाने निष्फळ ठरते. दोन भेटींमध्ये हवा बदलण्याइतका वेळ वेळापत्रकात ठेवावा लागतो, मग त्यामुळे दिवसाला एक भेट कमी झाली तरी चालेल.

तान्ह्या बाळांच्या नाकाजवळ पुदिना किंवा निलगिरीची तेले आणू नयेत, कारण त्यांतील मेन्थॉल आणि सिनिओल यांमुळे त्यांचा श्वास अडू शकतो. मांजरांच्या यकृतात काही घटकांचा निचरा करणारी प्रक्रिया दुबळी असते. घरी वापरण्यासाठी मिश्रण देताना घरात मांजर आहे का, हेही विचारावे.

विचारणे आणि लिहून ठेवणे

‘तुम्ही कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला बहुतेक लोक ‘विशेष काही नाही’ असे उत्तर देतात, कारण रोजची रक्तदाबाची गोळी त्यांच्या लेखी ‘विशेष’ नसते. ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कोणकोणत्या गोळ्या पोटात जातात आणि अंगाला काय काय लावता?’ असे विचारले की खरी यादी बाहेर येते. त्या यादीत रक्त पातळ करणारे वॉरफरिन असेल, तर मिथाइल सॅलिसिलेट असलेले तेल त्वचेवाटेही टाळायला हवे, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. अपस्मार, दमा, गरोदरपण, लाल रक्तपेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता, सुक्या मेव्याची ॲलर्जी (वाहक तेल बदामाचे असू शकते) यांबद्दलचे प्रश्न पहिल्याच भेटीत व्हायला हवेत, आणि काही महिन्यांनी पुन्हा व्हायला हवेत. माणसाची प्रकृती आणि औषधे बदलत असतात.

नोंदींचा दर्जा कसा असावा, हे दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळते. एक : ‘आरामाचे मिश्रण, सहा थेंब.’ दुसरी : ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया, अमुक पुरवठादार, अमुक बॅच क्रमांक, बाटली उघडल्याची तारीख, ३० मिलिलिटर जोजोबा तेलात एक टक्का, पाठ आणि खांदे, भेटीनंतर तक्रार नाही.’ पहिल्या नोंदीवरून तीन आठवड्यांनी उठलेल्या पुरळाबद्दल कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाला काहीही सांगता येणार नाही. दुसरीवरून नेमक्या घटकाची चाचणी करता येईल.

काम कुठे थांबते

सुगंधोपचारक रोगाचे निदान करत नाही, औषध बंद करायला सांगत नाही आणि तेल पोटात घ्यायला देत नाही. शेवटच्या मुद्द्यावर एक आक्षेप हमखास येतो : पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतातच ना? देतात. चिडखोर आतड्याच्या विकारात त्या उपयोगी पडत असल्याचा पुरावाही आहे. मात्र त्या कॅप्सूलमधील मात्रा ठरलेली असते आणि तिच्यावर आतड्यात जाऊनच विरघळणारे आवरण असते; पेल्यात टाकलेले थेंब पाण्यावर तरंगत घसा आणि अन्ननलिकेला लागतात. दोन्हींत साम्य आहे ते फक्त वनस्पतीचे.

दाव्यांची मर्यादाही सांभाळावी लागते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुगंधी तेले विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना इशारापत्रे पाठवली, कारण त्यांचे वितरक तेलांमुळे इबोलासह अनेक आजार बरे होतात असे सांगत होते. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात, कर्करुग्णांच्या वेदना किंवा चिंता मसाजने कमी होतात, मग तो सुगंधी तेलांसह असो वा त्यांच्याविना, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आढळला नाही. याचा अर्थ शांत खोलीत, हलक्या हाताने केलेल्या मसाजने कोणालाही बरे वाटत नाही असा नाही. बरे वाटणे ही मौल्यवान गोष्ट आहे, आणि ‘तुम्हाला थोडा आराम वाटेल’ एवढेच प्रामाणिकपणे सांगणारा व्यावसायिक मला ‘हे तेल हार्मोन संतुलित करते’ म्हणणाऱ्यापेक्षा केव्हाही अधिक विश्वासार्ह वाटतो.

काही खुणा दिसल्या तर मसाज सुरूच करू नये. एकाच पोटरीला सूज, दुखणे आणि उष्णता असेल तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. छातीत दुखणे, पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, कारण नसताना घटलेले वजन, नव्याने लागलेली गाठ, यांपैकी काहीही कानावर आले की डॉक्टरकडे पाठवावे आणि पाठवल्याची नोंद करावी.

‘मला इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आणखी काय शिकायचे?’

अनेक देशांत सुगंधोपचारक ही उपाधी कायद्याने संरक्षित नाही. दोन दिवसांचे शिबिर केलेली व्यक्तीही ती लावू शकते. त्यामुळे व्यवसायाचा दर्जा राखण्याचे काम व्यावसायिक संघटनांवर येते. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ प्रोफेशनल अरोमाथेरपिस्ट्स, अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन फॉर होलिस्टिक अरोमाथेरपी, ब्रिटनमधील काँप्लिमेंटरी अँड नॅचरल हेल्थकेअर काउन्सिल ही स्वेच्छानोंदणी संस्था, अशा संघटना आपल्या सदस्यांसाठी आचारसंहिता ठरवतात. प्रमाणपत्रानंतर ठरावीक काळाने आपला अभ्यास पुढे नेणे आणि त्याची नोंद दाखवणे याला निरंतर व्यावसायिक शिक्षण म्हणतात.

अनुभवाला कमी लेखण्याचे कारण नाही, पण या व्यवसायातील अनुभवात एक मोठी उणीव असते. ज्या ग्राहकाला दोन दिवसांनी पुरळ उठते तो बहुधा तक्रार करत नाही. तो फक्त पुन्हा येत नाही. व्यावसायिकाला दिसतात ते परत येणारे, समाधानी लोक, आणि त्यांच्यावरून ‘माझ्या हातून कधी कोणाला त्रास झाला नाही’ अशी खात्री पक्की होत जाते. वर्षे जितकी जास्त, तितकी ही खात्री घट्ट. यावरचा उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे : ॲलर्जीची लक्षणे उशिरा दिसतात, म्हणून भेटीनंतर तिसऱ्या दिवशी प्रत्येक नव्या ग्राहकाला फोन करून त्वचा, श्वास, झोप आणि डोकेदुखी यांबद्दल विचारावे आणि उत्तर नोंदवहीत लिहावे. सहा महिन्यांत स्वतःच्या कामाबद्दल जेवढे कळेल तेवढे कोणत्याही व्याख्यानातून कळणार नाही.

अभ्यासक्रम निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. तो तेल विकणारी कंपनीच चालवत असेल, तर त्यात तेलांचे धोके किती शिकवले जातात हे आधी विचारावे. ‘थेरप्युटिक ग्रेड’ हा शब्द कोणत्याही स्वतंत्र संस्थेने ठरवलेला दर्जा नाही, तो विक्रीचा शब्द आहे. शिकवणारा तो दर्जा म्हणून वापरत असेल तर पुढचे ऐकताना सावध राहावे. त्याउलट, तेलाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या जीसी-एमएस या चाचणीचा अहवाल वाचायला शिकवणारा वर्ग जरूर करावा. उदाहरणार्थ, टी ट्री तेलाच्या ४७३० या आयएसओ मानकानुसार त्यात टर्पिनेन-४-ऑल किमान ३५ टक्के असावे आणि सिनिओल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. हे आकडे माहीत असणारी व्यक्ती अहवालावरून तेलातील भेसळीचा संशय दोन मिनिटांत घेऊ शकते. अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे मात्र सर्वांत आधी पाहावे. दुसऱ्याच बॅचचा सुंदर अहवाल दाखवणे फार अवघड नसते, आणि अहवाल खरा असला तरी तो चाचणीच्या दिवसाचा असतो. झाकण उघडल्यानंतर काय झाले ते त्यात नसते.

अपाय झालाच तर

तेल लागलेले टॉवेल हा एक अनपेक्षित धोका आहे. वाहक तेलातील काही घटक हवेशी संयोग होताना उष्णता सोडतात, आणि धुऊनही तेल उरलेले टॉवेल ड्रायरमधून गरमागरम काढून ढीग करून ठेवले तर ती उष्णता आतच साठून कापड आपोआप पेटू शकते. टॉवेल थंड झाल्यावर सुटे ठेवावेत. तेलाचा वास न जाणारे टॉवेल फेकून द्यावेत. सुगंधी तेलेही ज्वलनशील असतात, म्हणून त्यांचा साठा मेणबत्तीपासून आणि हीटरपासून लांब, कुलूपबंद आणि मुलांना न उघडता येणाऱ्या झाकणांसह असावा.

तेल डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. त्वचेवर त्रास झाला तर साबण-पाण्याने धुऊन वापर थांबवावा. कोणी तेल गिळले असेल तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेल फुफ्फुसात उतरले की तिथे गंभीर दाह होतो. ताबडतोब विषबाधा केंद्राशी किंवा रुग्णालयाशी संपर्क साधून बाटली बरोबर न्यावी. प्रथमोपचाराचे हे ज्ञान दर दोन-तीन वर्षांनी ताजे करावे, कारण ऐन वेळी वही उघडायला सवड नसते.

प्रसंग निभावल्यावर त्याची लेखी नोंद करावी, पुरवठादाराला बॅच क्रमांकासह कळवावे आणि आपली संघटना अपायांची नोंद ठेवत असेल तर तिच्याकडे व्यक्तीचे नाव न देता तपशील पाठवावा. तक्रार केली तर आपल्याच कामावर ठपका येईल अशी भीती अनेकांना वाटते. पण पुरवठादाराला त्याच बॅचच्या इतर बाटल्या शोधून परत घेता येतात त्या अशा एखाद्या पत्रामुळेच, आणि विमा कंपनीही दावा आला की सर्वांत आधी हीच कागदपत्रे मागते.